तारमास्तरांची ज्वारीची बिअर

नरहरराव चुडावेकरांनी जन्मात कधी दारूचा थेंब जिभेला लावला नाही. आणि लढाईच्या दिवसांत आमच्या पूर्णा जंक्शनावर बिअर निघायची, ती फक्त त्यांच्याच घरी.

तीही कुठं परसात लपूनछपून नाही. स्वयंपाकघराला लागून पडवी होती. तिथल्या फळीवर एका अंगाला त्यांच्या बायकोची, म्हणजे आमच्या काकूंची, लोणची आणि दुसऱ्या अंगाला नरहररावांची बिअर, अशा बरण्या मांडलेल्या असत. मधे सोवळ्या-ओवळ्याची हद्द म्हणून काकूंनी एक जुना पाटा उभा करून ठेवला होता. सकाळी संध्या उरकली की नरहरराव ओल्या पंचानं पडवीत यायचे. एकेक काचेची बरणी उन्हासमोर धरायचे, डावा डोळा मिटायचे आणि आतलं पाणी असं न्याहाळायचे की सोनारानं नथीतला मोतीही तसा न्याहाळला नसेल. बघून झालं की पुन्हा आंघोळ. बिअरला शिवल्याबद्दल.

"मग शिवता कशाला?" मी एकदा विचारलं.

"रंग बघायला."

"आणि चव?"

"चवीचं इचारू नका. रंगाचं बोला."

नरहरराव स्टेशनावर तारमास्तर होते. मी जिंतूरचा. उर्दू परीक्षा पास होऊन तारबाबू म्हणून त्यांच्या हाताखाली आलो, तेव्हा मिसरूड नीट फुटलेली नव्हती. रेल्वेच्या चाळीत त्यांच्या भिंतीला भिंत लावून मला एक खोली मिळाली. पहिल्या दिवशी मी त्यांच्यापुढं उभा राहून माझं नाव, वडिलांचं नाव, गाव, शाळा, सगळं अदबीनं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बसा. ऐका. शिका." आमचं पुढच्या आठवडाभराचं बोलणं तेवढ्यात आटोपलं.

जन्मभर लोकांच्या तारा पाठवून पाठवून शब्द वाया घालवायचा नाही हे त्यांच्या हाडात भिनलं होतं. काकूंचा भाऊ कैक वर्षांनी भेटायला आला, तर त्याला दारातच म्हणाले, "आलात. बसा. परतीची गाडी?" त्या बिचाऱ्याला वाटलं, हाकलायलेत. एकदा भर दुपारी माझ्या खोलीच्या दारात येऊन उभे राहिले. "साप. तुमच्याकडं. मोठा." एवढं बोलून निघून गेले. मी खाटेवर चढून ओरडायला लागलो तेव्हा काठी घेऊन परत आले खरे. पण ती काठी आणायलाच गेलो होतो, हे सांगण्यात त्यांनी शब्द खर्ची घातले नव्हते.

काकू मात्र बोलायच्या. दोघांच्या वाटणीचं त्या एकट्या बोलायच्या.

"लगीन झाल्यावर हे माझ्याशी पयल्यांदा काय बोलले, ठाऊक हाय का? 'पाणी.' मी म्हनलं, पाणी प्यायला का आंघोळीला? तर म्हनले, 'पी.' एक अक्षर! मला वाटलं मलाच प्यायला सांगायलेत. मीच पिऊन टाकलं."

असा हा माणूस फक्त एका ठिकाणी बोलायचा. रुळांच्या पलीकडं, विल्सनसाहेबांच्या बंगल्यावर.

विल्सनसाहेब रिटायर झालेले इंजिनड्रायव्हर. मेल गाड्या चालवलेला, दणकट, लालबुंद माणूस. त्यांची मडम तापानं गेली, आणि ते दुःख ओसरायच्या आत काचबिंदूनं त्यांचे दोन्ही डोळे गेले. मूलबाळ नव्हतं. साहेब खाटेला पाठ लावून भिंतीकडं तोंड करून पडून राहायला लागले. खानसामा ताट ठेवायचा आणि तसंच उचलून न्यायचा. नरहरराव तारेच्या निमित्तानं त्यांना ड्युटीत भेटायचे, एवढीच काय ती दोघांची ओळख. पण साहेब जेवत नाहीत हे कानावर आल्यावर ते एका संध्याकाळी बंगल्यावर गेले. काय बोलावं ते सुचेना. शेवटी म्हणाले, "साहेब, काय पाहिजे?"

साहेब म्हणाले, "बिअर."

आता लढाईमुळं बाटलीतली बिअर येणं बंद झालेलं. तरुणपणी साहेबांनी एका म्हाताऱ्या फिटरकडून घरी बिअर करायची शिकून घेतली होती. पण डोळे नसताना चुलीशी खटपट करताना त्यांनी हात भाजून घेतला होता. नरहररावांनी ते ऐकलं, मडमेच्या बिस्किटांच्या काचेच्या बरण्या उचलल्या आणि घरी आणल्या.

"मला वाटलं, लोणच्याला आनल्यात," काकू सांगायच्या. "मी आपली खुश. मग म्हनले, 'बिअर करायची.' मी म्हनलं, अहो, बामनाच्या घरात भट्टी? तर म्हनले, 'आंधळा मानूस.' आता ह्याच्यावर काय बोलावं बाईमानसानं? ज्वारी भिजू घातली."

जव मिळेना म्हणून ज्वारी. काकू ती भिजवून, फडक्यात बांधून मोड आणायच्या, सावलीत वाळवायच्या, तव्यावर तांबूस भाजायच्या आणि जात्यावर जाडसर भरडायच्या. नरहरराव तो भरडा गरम पाण्यात मुरवून, गाळून, कडूपणासाठी काडेचिराईत टाकून उकळायचे. निवलं की त्यात आंबवायला खमीर. ते साहेबांचा खानसामा शिंदीच्या मडक्याच्या तळातून आणून द्यायचा, आणि काकू ते चिमट्यानं धरून घ्यायच्या.

संध्याकाळी ड्युटी संपली की नरहरराव एक छोटी शिशी उपरण्याखाली धरून रूळ ओलांडायचे. वाटेत कोणी "काय हे?" विचारलं तर "काढा" म्हणायचे. सगळ्या कॉलनीला ठाऊक होतं. कधीमधी मीही त्यांच्या मागं जायचो, आणि तिथं जे बघायला मिळायचं त्यावर माझा विश्वास बसायचा नाही.

"साहेब, मुलाहिजा फर्मावा," असं म्हणत ते शिशी साहेबांच्या हातात द्यायचे. मुलाहिजा फर्मावा म्हणजे कृपा करून बघा. आंधळ्या माणसाला! पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. पण साहेब खदखदून हसले. "रंग बोलो, पंत, रंग!"

आणि तारमास्तर सुटायचे.

"काल कसा होता, ध्यानात हाय ना? इंजिनाच्या घंटीचं पितळ लय दिवस घासलं न्हाई की कसं होतं, तसा. तांबूस, पन चमक हाय. आज बदललाय, साहेब. आज चहात निरसं दूध सांडावं तसा. पन सगळीकडं सारखा न्हाई बरं का. वरती फेस हाय, त्याला जराशी पिवळी झाक, हुरड्याचं कणीस वाळायला लागल्यावर असती तशी. मधे गढूळ, आषाढात आपली पूर्णा नदी असती तसं. आन तळाला पांढुरका थर, बेसन कालवल्यावर वाटीला राहतं तेवढाच."

साहेब खुर्चीत पुढं सरकून, मान तिरपी करून ऐकायचे. त्या विझलेल्या डोळ्यांसमोर बरणी दिसायला लागली आहे, हे त्यांच्या तोंडावर कळायचं.

"पन साहेब, हे झालं कसं?" नरहरराव डोकं खाजवत विचारायचे. "मला समजंना. काल तांबडा, आज पांढुरका. मी तर काहीच टाकलं न्हाई."

"अरे पंत! तुमकू कित्ते बार बोलूं? खमीर जाग गया! लाखों दाने उठते, ऊपर-नीचे दौडते, उजाले कू रोकते. रंग नईं बदल्या, बीच में परदा आया. ठैरो जरा. शक्कर खा खा के खमीर थकता, नीचे बैठता. फिर देखो, शहद सरीखा साफ!"

"आपोआप बसतं?"

"आपोआप!" साहेब कपाळावर हात मारून घ्यायचे. "तारमास्तर कैसे हुए तुम?"

मग साहेब पुन्हा पहिल्यापासून समजावून सांगायचे, हातवारे करत, टेबलावर बोट आपटत. इंजिनात पाणी किती, वाफ किती, असले दाखले देत. सांगून सांगून घसा कोरडा पडला की शिशी तोंडाला लावून एका दमात रिकामी करायचे, क्षणभर डोळे घट्ट मिटायचे आणि म्हणायचे, "फर्स्ट क्लास!" मग खानसाम्याला हाक. "खाना लगाओ!"

दुसऱ्या दिवशी नरहरराव पुन्हा तेच विचारायचे. चार दिवसांनी बिअर निवळली की म्हणायचे, "साहेब, आता तर पयल्यापेक्षाबी फिक्का झाला. हे कसं?" नवी बरणी लावली की पुन्हा, "साहेब, हा गढूळ का?" मला आमच्या तारमास्तरांची कीव यायची. विजेच्या तारेवरून हैदराबादेशी बोलणारा माणूस, आणि एवढी साधी गोष्ट डोक्यात शिरत नाही! एकदा न राहवून काकूंना म्हटलं, तर त्या नुसत्या हसल्या आणि ज्वारी निवडत राहिल्या.

असं बरेच दिवस चाललं. मग एका दुपारी आबकारीचे, म्हणजे दारूच्या खात्याचे, दरोगासाहेब आले.

चुगली कोणी केली ते शेवटपर्यंत कळलं नाही. दरोगासाहेब नांदेडकडचे, पांढऱ्या दाढीचे, सभ्य गृहस्थ, मराठी समजणारे. बरोबर एक मिशाळ शिपाई. मी जेवणाच्या सुट्टीत घरी आलो होतो. भिंतीपलीकडून काकूंचा आवाज ऐकून धावत गेलो.

"आमच्यात सोवळं हाय," काकू दार अडवून म्हणत होत्या. "जोडे भाईर काढा."

दरोगासाहेबांनी मुकाट्यानं जोडे काढले. शिपायानंही काढले. दोघं पडवीत गेले. फळीवर तीन बरण्या होत्या. एक तांबूस, एक दुधाळ, एक जवळजवळ काळी.

घरात दारू गाळली म्हणजे नोकरी गेली, पेन्शन गेली, आणि ब्राह्मणाच्या अब्रूचं तर विचारूच नका. मी घाईनं म्हणालो, "हुजूर, हा काढा आहे. खोकल्यावरचा."

"काढा न्हाई," नरहरराव म्हणाले. "बिअर. ज्वारीची. माझी."

"पीते हैं आप?"

"न्हाई."

"बेचते हैं?"

"न्हाई."

"तो फिर?"

"रंग बघतो."

दरोगासाहेबांनी माझ्याकडं बघितलं. मी जमिनीकडं बघितलं. मग त्यांनी तिन्ही बरण्यांवर छडी टेकवली आणि त्यांचा आवाज कडक झाला. "एक ही चीज और तीन रंग? क्या क्या मिलाया है इसमें? कोई पी के मर गया तो?"

माणूस मेला तर, हे शब्द ऐकले मात्र, आणि नरहरराव बोलायला लागले.

"काहीबी मिसळलेलं न्हाई, हुजूर. ऐका. ज्वारी भाजली की तिला जो रंग चढतो तो पाण्यात उतरतो. ही पयली बरणी. कालच लावली, अजून खमीर उठलं न्हाई, म्हणून तांबूस. ही दुसरी. हिच्यात खमीर जोरात हाय. त्याचे कण इतके बारीक की एकेक दिसत न्हाई, पन सगळे मिळून उजेड अडवतात. म्हणून दुधाळ. तो रंग पाण्याचा न्हाई, खमिराचा. साखर संपली की खमीर तळाला बसतं, आन बसताना रंगाचा थोडा गाळबी संगं घेऊन बसतं. शिवाय आंबवलं की आंबटपना येतो, त्यानंबी रंग उजळतो. म्हणून अखेरीला पयल्यापेक्षा फिक्कं दिसतं."

"और ये काली?"

"हिचं झाकण ढिलं राहिलं. चूक माझी. हवा लागली. वांगं चिरून ठेवलं की काळं पडतं का न्हाई? तसंच. खराब झाली. ही मी कुणाला दिली नसती."

दरोगासाहेबांनी छडी खाली घेतली. मी तर नुसता बघत राहिलो. साहेबांनी कधीही सांगितल्या नव्हत्या अशाही गोष्टी हा माणूस घडाघडा सांगत होता, आणि रोज संध्याकाळी त्याच माणसाला 'खमीर आपोआप बसतं' एवढं समजत नव्हतं!

"बात तो ठीक है," दरोगासाहेब म्हणाले, "मगर तसल्ली करनी पडेगी." ते स्वतः पिणारे नव्हते. त्यांनी शिपायाकडं बघितलं. शिपायाच्या मिशा हलल्या. सरकारी हुकमानं प्यायला मिळायचा योग काही रोज येत नाही. काकूंनी लांबून एक मातीचं बोळकं सरकवलं. मागं ठेवलेली निवळलेल्या बिअरची एक शिशी होती, ती नरहररावांनी त्यात ओतली. शिपायानं ते तोंडाला लावलं आणि मोठा घोट घेतला.

त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यानं बोळकं लांब सरकवलं आणि बाहीनं मिशा पुसल्या.

"हुजूर," शेवटी तो म्हणाला, "ही जर दारू आसंल, तर म्या आजपासनं सोडली."

दरोगासाहेब दाढीआड हसले. मीही हसलो. काकूंनी तोंडाला पदर लावला. फक्त नरहरराव हसले नाहीत. ते शिपायाच्या तोंडाकडं टक लावून बघत होते.

"इतकी वाईट हाय?" त्यांनी विचारलं. इतक्या वर्षांत त्यांनी चवीचं विचारलेलं मी पहिल्यांदा ऐकलं.

"कडू जहर हाय, तारमास्तर. आन वरून खारट."

"खारट?" काकू म्हणाल्या. "मी मीठ न्हाई घातलं बाई! आपल्या हिरीचं पानीच मचूळ."

दरोगासाहेबांनी निकाल दिला. कागद करणार नाही. केला तर वरचे लोक मलाच हसतील. पण कायदा तो कायदा. सगळं माझ्यासमोर मोरीत ओता आणि पुन्हा करणार नाही असा शब्द द्या.

"दिला," नरहरराव म्हणाले, आणि एकेक बरणी आपल्या हातानं ओतली. आंबूस वास चाळभर पसरला.

दरोगासाहेब जोडे घालून गेल्यावर काकू बरण्या चिंचेनं घासायला बसल्या. नरहरराव पायरीवर बसून होते. मी शेजारी बसलो.

"काका, तुम्हाला हे सगळं ठाऊक होतं?"

"हं."

"मग रोज साहेबांना विचारत होता ते?"

त्यांनी पायरीवर सांडलेला ज्वारीचा एक दाणा उचलला. मग म्हणाले, "इचारलं की बोलतात. बोलले की जेवतात."

तेवढंच बोलून ते उठले. मी मात्र उठू शकलो नाही, कारण मला माझी आई आठवली.

त्याच्या आदल्या वर्षी माझी आई जिंतूरला वारली. दिवस करून मी पूर्णेला परत आलो तो रिकामा होऊन. खानावळीत जाववेना. खोलीत अंधार करून बसायचो. तेव्हा हे तारमास्तर रोज संध्याकाळी दारात येऊन उभे राहायचे आणि काहीतरी वेड्यासारखं विचारायचे. "तुमच्या जिंतूरकडं शेंगदाण्याची चटणी खलबत्त्यात कुटतात, का पाट्यावर वाटतात?" मी म्हणायचो, कुटतात. "लसूण आधी, का मागून?" मग सांगावं लागायचं, की आई आधी मीठ आणि लसूण कुटायची, दाणे मागून घालायची, आणि तेल सुटेपर्यंत हात थांबवायची नाही. दुसऱ्या दिवशी अंबाडीच्या भाजीचं. तिसऱ्या दिवशी धपाट्यांचं. मला राग यायचा. घरात काकू जन्मभर चटण्या कुटतायत, आणि ह्यांना शंका माझ्यापाशी विचारायच्यात! पण मी सांगत राहायचो. सांगता सांगता आईचे हात डोळ्यांपुढं यायचे, मी कधी रडायचो, आणि मग भिंतीपलीकडून काकू म्हणायच्या, "अरे, तू सांगितली तशी करून बघितली. ये, चाखून सांग, जमली का." मी जायचो. जेवूनच परत यायचो.

तारमास्तरांनी माझ्या खांद्यावर कधी हात ठेवला नाही. धीर धर म्हणाले नाहीत. नुसते आपण अडाणी होऊन माझ्या दारात उभे राहिले. आज ते नाहीत, काकू नाहीत. माझ्या अंगावर जे काही मांस चढलं ते त्या दोघांनी विचारून विचारून चढवलेलं आहे, आणि त्याचे आभार मानायचे राहूनच गेले. त्यांच्यापुढं आभार मानायची सोयही नव्हती. "बसा" म्हणाले असते.

पण त्या दिवसांत काळजी वेगळीच होती. बिअर बंद झाली, आणि नरहरराव साहेबांकडं जायचेच थांबले.

"फाटकापर्यंत जायलेत आन परत यायलेत," काकू मला सांगत होत्या. "मी म्हनलं, आत का जात न्हाई? तर म्हनले, 'रिकाम्या हातानं?' आन त्या शिपायाचं बोलनं लय लागलंय त्यान्ला. इतके दिवस त्या आंधळ्याला जहर पाजलं, आता कुठल्या तोंडानं जाऊ म्हनतेत. मी म्हनलं, घरात बोलत न्हाई, त्याच तोंडानं जावा!"

मी साहेबांना जाऊन सांगतो म्हटलं, तर नरहररावांनी मान हलवली. नको.

मग एका सकाळी आम्ही दोघं तारघरात होतो. नरहरराव यंत्राशी, अर्धी तार घेऊन झालेली. यंत्र चालू असताना हा माणूस जागचा हलत नसे. एकदा तारघरात वळू शिरला होता, तेव्हाही तार पुरी करूनच त्यांनी वळूकडं बघितलं होतं. मी सहज खिडकीतून बाहेर बघितलं आणि ओरडलो, "साहेब!"

यार्डात मालगाडीचे डबे इकडून तिकडं ढकलायचं काम चाललं होतं. आणि त्या सगळ्या रुळांमधून विल्सनसाहेब काठी आपटत एकटे येत होते. जन्म त्या यार्डात गेलेला. पायानं रूळ चाचपत, थांबून ऐकत, एकेक रूळ ओलांडत होते. पण इंजिनानं सोडून दिलेले डबे घरंगळत येताना फार आवाज करत नाहीत.

मी वळून बघेपर्यंत खुर्ची रिकामी होती. नरहरराव अनवाणी, धोतराचा सोगा हातात धरून खडीवरून धावत होते. मी त्यांच्या मागं पळालो. त्यांनी साहेबांना दंडाला धरून खसकन बाजूला ओढलं आणि डबे त्यांच्या अंगाजवळून वारा घालत निघून गेले.

"अक्कल हाय का तुमाला?" नरहरराव ओरडले. त्यांचा आवाज एवढा मोठा असेल हे स्टेशनावर कुणालाच ठाऊक नव्हतं. "डोळे न्हाईत आन यार्डात येता? खानसामा कुठं मेला? तुमाला काही झालं असतं तर मी काय करायचं होतं? कुनाकडं जायचं होतं मी?"

साहेब दम खात उभे होते. "पंत," ते म्हणाले, "इत्ते रोज हुए. तुम आए नईं."

"बिअर संपली, साहेब. दरोगा आला. ओतून दिली."

"मालूम है. बू आई थी."

नरहरराव खालमानेनं म्हणाले, "ती लय वाईट होती म्हने. तुमी कधी सांगितलं न्हाई."

"तुम कब पूछे?" साहेब हसले. "तुम तो रंग का पूछते थे." मग त्यांनी काठी दुसऱ्या हातात घेतली आणि मोकळा हात पुढं करून अंदाजानं नरहररावांचा खांदा शोधला. "बिअर छोडो. मेरे बंगले पे एक बेल है. मधुमालती. मडम ने लगाई थी. फूल आया तब मेरी आंखें जा चुकी थीं. खानसामा बोलता, शाम कू सफेद खिलता, सुबह गुलाबी होता, फिर लाल. एक ही फूल! मैं बोल्या, झूट. चलो, तुम देख के बोलो."

नरहररावांनी तो हात खांद्यावरून काढून आपल्या हातात घेतला. भर दिवसा, सगळ्या स्टेशनासमोर, पंधरा जणांनी बघितलं असेल. ज्या माणसाला बरणीला शिवलं तरी आंघोळ लागायची, तो साहेबाचा हात धरून रूळ ओलांडत पलीकडं गेला. मी तारघरात येऊन अर्धी राहिलेली तार पुन्हा मागवून घेतली, आणि त्या दिवशी यंत्र मीच सांभाळलं.

संध्याकाळी ड्युटी उरकून मी बंगल्यावर गेलो. फाटकातूनच दिसलं. वेल खांबावरून छपरावर चढलेली होती, झुबकेच्या झुबके लोंबत होते. नरहरराव तिच्याखाली उभे राहून एकेक झुबका साहेबांच्या हातात देत होते आणि सांगत होते. हा पांढरा, आत्ता उमलायलाय. हा कालचा असंल, नव्या बांगडीसारखा गुलाबी. हा लाल.

"लेकिन क्यों, पंत?" साहेबांनी विचारलं. "इसमें तो खमीर नईं."

नरहररावांनी हातातला लाल झुबका उलटसुलट करून बघितला. मग म्हणाले, "साहेब, हे मला खरंच ठाऊक न्हाई."

"मेरे कू बी नईं."

दोघंही हसायला लागले. आणि मी फाटक न उघडता परत फिरलो.

काकू चुलीपुढं बसल्या होत्या. मी सांगितलं, काका आज लवकर येणार नाहीत, वेलीखाली बसलेत. त्यांनी भाकरी उलटली, तव्यावर बोटांनी दाबली, आणि जरा वेळानं उठून फळीवरची दोन पितळी ताटं काढली. दोन्हींत पिठलं, भाकरी, अंबाडीची भाजी वाढली. वर फडकं झाकलं. मला वाटलं, न्यायला मला देतील. मी हात पुढं केला.

काकूंनी पदर डोक्यावरून सारखा घेतला आणि एक ताट माझ्या हातात देऊन दुसरं स्वतः उचललं.

"चल, म्होरं हो," त्या म्हणाल्या. "त्यांचं घर कुठलं, ते बी मला ठाऊक न्हाई."